हे पुस्तक कोणाचे?

‘हे पुस्तक कोणाचे?’ असा प्रश्न गुरुजींनी वर्गात विचारला, तर कोणी म्हणेल ‘माझे’, कोणी म्हणेल ‘आईचे’, कोणी म्हणेल ‘शाळेचे’. हे शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. परंतु वस्तू आणि तिचा मालक यांचे नाते या शब्दांत नेमके कोठे दडलेले असते, याचा विचार सहसा करीत नाही. ‘आईचे पुस्तक’ हेच शब्द घ्या. ‘आई’ या शब्दात मालकी नाही. ‘पुस्तक’ या शब्दातही नाही. ती आहे दोघांना जोडणाऱ्या ‘चे’ या इवल्याशा प्रत्ययात. तो काढून घेतला, की ‘आई पुस्तक’ असे दोन सुटे शब्द उरतात आणि त्यांचे नाते तुटून जाते.

आता नवल पाहा. जगात अशी एक भाषा आहे, की तीत ‘एमा रामात’ एवढेच म्हटले, म्हणजे ‘आईचे पुस्तक’ असा पूर्ण अर्थ होतो. ‘एमा’ म्हणजे आई आणि ‘रामात’ म्हणजे पुस्तक. मध्ये ‘चे’ नाही, की त्याच्या जागी दुसरा एखादा प्रत्ययही नाही. मग त्या भाषेतील मुलांना मालकी कशी कळते? हे कोडे उलगडण्यासाठी आपण त्या भाषेची थोडी ओळख करून घेऊ.

युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याच्या उत्तरेस आखातापलीकडे फिनलंड, पूर्वेस रशिया आणि दक्षिणेस लॅटव्हिया हे देश आहेत. घनदाट अरण्ये, दलदलीची राने आणि दोन हजारांहून अधिक लहानमोठी बेटे यांनी हा देश नटलेला आहे. टाल्लिन ही त्याची राजधानी. साऱ्या देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्याही आत आहे. आपल्या एकट्या पुणे शहरात याहून अधिक लोक राहतात. येथील लोकांची भाषा ती एस्टोनियन. तिच्या आसपासच्या जर्मन, स्वीडिश, रशियन, लॅटव्हियन या भाषा आणि आपली मराठी या सर्व एकाच प्राचीन कुळातील, म्हणजे दूरच्या का होईना, पण बहिणी आहेत. एस्टोनियन मात्र त्या कुळातली नव्हे. तिची सख्खी बहीण फिनिश आणि लांबची नातलग हंगेरियन. म्हणजे कुळाच्या दृष्टीने पाहिले, तर ती मराठीला सर्वस्वी परकी.

एस्टोनियन भाषा रोमन लिपीत लिहितात. येथे तिचे शब्द आपल्या लिपीत, उच्चाराला शक्य तितके धरून, लिहिले आहेत. त्यांतील पहिल्या अक्षरावर किंचित जोर देऊन ते वाचावेत.

मराठी व्याकरणात आपण प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्ती शिकतो. एस्टोनियन मुलांना चौदा विभक्ती शिकाव्या लागतात! त्यांतली दुसरी विभक्ती ही आपल्या षष्ठीच्या जागी आहे. ती मालकी दाखविते. ‘पोइस्स’ म्हणजे मुलगा. ‘मुलाचे’ असे म्हणावयाचे असेल, तेव्हा या शब्दाचे रूप ‘पोइसि’ असे होते. ‘पोइसि रामात’ म्हणजे मुलाचे पुस्तक. ‘कोएर’ म्हणजे कुत्रा आणि ‘लेह्म’ म्हणजे गाय. म्हणून ‘पोइसि कोएर’ म्हणजे मुलाचा कुत्रा आणि ‘पोइसि लेह्म’ म्हणजे मुलाची गाय.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. मराठीत आपण ‘मुलाचा कुत्रा’, ‘मुलाची गाय’, ‘मुलाचे पुस्तक’ असे म्हणतो. मालक एकच, पण वस्तूचे लिंग बदलले, की ‘चा’चा ‘ची’ होतो आणि ‘ची’चा ‘चे’ होतो. जणू मालकाच्या शब्दाला वस्तूचा मान राखावा लागतो. एस्टोनियन भाषेत नामांना लिंगच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी त्या भाषेत ‘तेमा’ हा एकच शब्द आहे. म्हणून वस्तू कोणतीही असो, मालकाचे रूप ‘पोइसि’ हेच राहते. दुसरी गोष्ट अशी, की मालकाचा शब्द नेहमी आधी येतो आणि वस्तूचा शब्द मागून. ‘एमा’सारख्या काही शब्दांचे षष्ठीचे रूप मूळ शब्दाहून वेगळे दिसत नाही. अशा वेळी शब्दांचा क्रमच मालकी सांगतो. ‘एमा रामात’ या कोड्याचा अर्धा उलगडा हा असा झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला काही शतके मागे जावे लागेल.

एस्टोनियन भाषेच्या फिनिश बहिणीकडे पाहू. फिनिश भाषेत बेटाला ‘सारी’ म्हणतात आणि ‘बेटाचे’ या अर्थी ‘सारेन’ म्हणतात. शेवटचा ‘न’ हा तिचा मालकीचा प्रत्यय. एस्टोनियन भाषेत बेटाला ‘सार’ म्हणतात आणि ‘बेटाचे’ या अर्थी ‘सारे’. या दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे काय घडले ते स्पष्ट दिसते. पूर्वी एस्टोनियन लोकांच्या पूर्वजांच्या बोलीतही हा ‘न’ होता. पिढ्यान् पिढ्या बोलता बोलता तो झिजला आणि अखेर गळून पडला. मूळ शब्दाच्या शेवटी असलेला स्वरही कित्येक ठिकाणी गळाला आणि ‘सारी’सारख्या शब्दाचा ‘सार’ झाला. परंतु ‘न’च्या आश्रयाला असलेला स्वर मात्र वाचला. प्रत्यय गेला आणि त्याच्या मागचा स्वर त्याचे काम करू लागला. ‘सार’ म्हणजे बेट आणि ‘सारे’ म्हणजे बेटाचे! एस्टोनियातील सर्वांत मोठ्या बेटाचे नाव ‘सारेमा’ असे आहे. ‘मा’ म्हणजे भूमी. तेव्हा ‘सारेमा’ म्हणजे बेटाची भूमी. त्या नावातच षष्ठी विभक्ती वसलेली आहे.

‘एमा’ या शब्दाच्या शेवटचा स्वर मात्र कधी गळालाच नाही. म्हणून त्याचा ‘न’ गेल्यावर ‘आई’ आणि ‘आईचे’ ही दोन्ही रूपे सारखी झाली. आता आपले कोडे पुरते सुटले. तो जुना ‘न’ एखाद्या शब्दात चुकून मागेही राहिला आहे. मोठ्या रस्त्याला एस्टोनियन भाषेत ‘मान्ते’ म्हणतात. ‘मा’ म्हणजे भूमी, ‘ते’ म्हणजे वाट. आणि मधला ‘न’ हा तोच हरवलेला प्रत्यय! पडक्या वाड्याचा एखादा जुना खांब उभा राहावा, तसा तो त्या शब्दात उभा आहे.

आता मराठी मुलाला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. ‘शाळा’ या शब्दाला प्रत्यय लावताना आपण ‘शाळाचा’, ‘शाळात’ असे म्हणत नाही. आधी ‘शाळा’चे ‘शाळे’ असे रूप करतो आणि मग ‘शाळेचा’, ‘शाळेत’, ‘शाळेहून’ असे शब्द घडवितो. या मधल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. एस्टोनियन भाषेतही अगदी असेच घडते. ‘रामात’चे मालकीचे रूप ‘रामातु’. या ‘रामातु’ला पुढचे प्रत्यय लागतात. ‘रामातुस’ म्हणजे पुस्तकात, ‘रामातुस्त’ म्हणजे पुस्तकातून, ‘रामातुगा’ म्हणजे पुस्तकासह आणि ‘रामातुता’ म्हणजे पुस्तकाविना. चौदांपैकी अकरा विभक्ती साधारणपणे अशा मालकीच्या रूपावरच उभ्या राहतात. फरक एवढाच, की आपले सामान्यरूप एकटे फारसे वावरत नाही. त्याला प्रत्ययाचा किंवा शब्दयोगी अव्ययाचा आधार लागतो. त्यांचे सामान्यरूप मात्र एकटेच उभे राहून मालकी सांगते.

ही रूपे ओळखण्यासाठी कानही तिखट असावा लागतो. मराठीत स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे असतात. संस्कृत व्याकरणात त्याहून लांबविलेल्या तिसऱ्या स्वराला प्लुत म्हणतात. दूरच्या मनुष्याला हाक मारताना आपण जसा स्वर लांबवितो, तसा तो असतो. एस्टोनियन लोक रोजच्या बोलण्यात अशा तीन लांबी वापरतात. शाळेला ते ‘कोल’ म्हणतात. ‘कोऽलि’ असे लांब उच्चारले, तर अर्थ होतो ‘शाळेचे’. ‘कोऽऽलि’ असे आणखी लांबविले, तर अर्थ होतो ‘शाळेत (जाणे)’. लिहिताना मात्र दोन्ही शब्द हुबेहूब सारखे! कागदावरचा मजकूर वाचणारा संदर्भाने अर्थ जाणतो. ऐकणारा कानाने जाणतो.

येथवर आपण ‘आईचे पुस्तक’, ‘मुलाची गाय’ अशा शब्दांच्या जोड्या पाहिल्या. परंतु मालकी सांगण्याची आणखी एक रीत आहे. एखाद्यापाशी काही आहे, हे आपण पूर्ण वाक्यात सांगतो. इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला तेथे एक खास क्रियापद भेटते. त्याचा अर्थ जवळ बाळगणे, मालकीचे असणे असा असतो. इंग्रजी मनुष्य त्या क्रियापदाने पुस्तक बाळगतो, भाऊ बाळगतो आणि तापही बाळगतो! मराठीत असे चालत नाही. आपण म्हणतो, ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’, ‘मला एक भाऊ आहे’, ‘मला ताप आहे’. आपण कर्ता होऊन वस्तूला धरून ठेवत नाही. वस्तूच आपल्यापाशी येऊन ‘असते’.

एस्टोनियन भाषेतही बाळगण्याचे असे क्रियापद रोजच्या बोलण्यात लागत नाही. तेथे या कामी एक वेगळी विभक्ती येते. ती आहे ‘वर’ या अर्थाची. ‘सारे’ला ‘ल’ जोडला, की ‘सारेल’ म्हणजे ‘बेटावर’ असा शब्द होतो. हाच ‘ल’ ‘मिनु’ म्हणजे ‘माझे’ या रूपाला लागून ‘मिनुल’ असा शब्द होतो आणि बोलताना त्याचे ‘मुल’ असे लहान रूप करतात. (आपल्या ‘मूल’ या शब्दाशी त्याचे काही नाते नाही, बरे का!) ‘मुल ओन रामात’ या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘माझ्यावर आहे पुस्तक’, म्हणजेच माझ्याजवळ पुस्तक आहे. ‘मुल ओन वेन्द’ म्हणजे मला भाऊ आहे. ‘मुल ओन पालाविक’ म्हणजे मला ताप आहे. ‘लेह्माल ओन सार्वेद’ म्हणजे गायीला शिंगे आहेत. आपण कोठे ‘जवळ’ म्हणतो, कोठे ‘ला’ म्हणतो, कोठे ‘कडे’ म्हणतो. ते लोक या सर्व ठिकाणी ‘ल’ या एकाच प्रत्ययावर भागवितात. कुळाने इंग्रजी ही मराठीची दूरची बहीण. पण या बाबतीत मराठी आपल्या बहिणीला सोडून परक्या एस्टोनियनच्या पंक्तीला बसली आहे. भाषांची घराणी वेगळी असली, तरी त्यांच्या विचाराच्या वाटा कधी कधी अशा एकत्र येतात.

जागा दाखविणारे प्रत्यय मालकी कशी दाखवितात, हे आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘सारेले’ म्हणजे बेटाकडे जाऊन बेटावर, ‘सारेल’ म्हणजे बेटावर आणि ‘सारेल्त’ म्हणजे बेटावरून. एखादी नाव बेटावर जाते, तेथे राहते आणि तेथून परत येते. तिच्या प्रवासाचे हे तीन टप्पे. आता नावेच्या जागी पुस्तक आणि बेटाच्या जागी मुलगा घ्या. ‘पोइसिले’ पुस्तक दिले, म्हणजे मुलाला दिले. ‘पोइसिल’ पुस्तक आहे, म्हणजे मुलाजवळ आहे. ‘पोइसिल्त’ पुस्तक घेतले, म्हणजे मुलाकडून घेतले. देणे, असणे आणि घेणे हा वस्तूचा सारा प्रवास ‘ले’, ‘ल’, ‘ल्त’ या तीन चिमुकल्या प्रत्ययांत सामावला आहे.

आता विचार करा. तुम्ही ग्रंथालयातून एक पुस्तक घरी आणले आहे. ते तुमच्याजवळ आहे. पण ते तुमचे आहे काय? मराठीत ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक माझे आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. एस्टोनियन भाषेतही ‘मुल ओन रामात’ आणि ‘रामात ओन मिनु’ अशी दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य वस्तू कोठे आहे ते सांगते. दुसरे ती कोणाची आहे ते सांगते. ग्रंथालयाच्या पुस्तकाविषयी पहिले वाक्य खरे ठरते, दुसरे ठरत नाही. विभक्तीचा भेद हा केवळ परीक्षेपुरता नसतो. खरे आणि खोटे यांतील अंतरही कधी कधी त्यावर अवलंबून असते.

मालकीविषयी आणखी एक शब्द दोन्ही भाषांना जोडतो. ‘मुलाने आपले पुस्तक उचलले’ आणि ‘मुलाने त्याचे पुस्तक उचलले’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्या वाक्यात पुस्तक उचलणाऱ्याचेच आहे. दुसऱ्यात ते दुसऱ्या कोणाचे तरी असावे, असे वाटते. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी एकाच शब्दावर भागते आणि पुस्तक कोणाचे याचा घोटाळा होतो. एस्टोनियन भाषेत मात्र ‘आपले’ या अर्थी ‘ओमा’ आणि ‘त्याचे’ किंवा ‘तिचे’ या अर्थी ‘तेमा’ असे दोन शब्द आहेत. ‘ओमा रामात’ म्हणजे स्वतःचे पुस्तक. मालकी दाखविणाऱ्या विभक्तीला त्या भाषेत ‘ओमास्ताव’ असे नाव आहे. त्या नावातही हा ‘ओमा’ आहेच.

‘ओमा’ म्हणजे आपले. पण ज्या भाषेत हा शब्द आहे, ती भाषा ‘आपली’ म्हणून मिरविण्याचे भाग्य त्या लोकांना फार काळ लाभले नाही. तेराव्या शतकात जर्मन आणि डॅनिश स्वाऱ्यांनी हा प्रदेश जिंकला. त्यानंतर स्वीडनची आणि पुढे १७१० पासून रशियाची सत्ता तेथे आली. जमीनदार जर्मन बोलत. एस्टोनियन ही शेतात राबणाऱ्यांची बोली समजली जाई. शिक्षण घ्यावयाचे, तर ते परक्या भाषेतून. अशा काळात, १४ मार्च १८०१ रोजी, आज लॅटव्हियाची राजधानी असलेल्या रिगा या शहरी क्रिस्तियान याक पेटरसन हा मुलगा जन्मला. तो टार्टू शहरातील विद्यापीठात शिकला आणि त्याने आपल्या लोकांच्या भाषेत कविता रचल्या. १८२२ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याच्या एस्टोनियन कविता छापून निघाल्या त्या विसाव्या शतकात!

परंतु त्याने धरलेली वाट मोडली नाही. १८६९ साली टार्टू येथे एस्टोनियन लोकांचा पहिला मोठा गानमहोत्सव भरला. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी एस्टोनियाने आपले स्वातंत्र्य जाहीर केले आणि १९१९ साली पेटरसनच्या त्याच विद्यापीठात एस्टोनियन भाषेतून शिक्षण सुरू झाले. १९४० साली देशाचे स्वातंत्र्य पुन्हा गेले; ते २० ऑगस्ट १९९१ रोजी परत मिळाले. शेतकऱ्यांची म्हणून हिणविलेली ती भाषा २००४ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमध्ये मानाने बसली आहे.

पेटरसनचा जन्मदिवस, १४ मार्च, हा एस्टोनियात मातृभाषेचा दिवस म्हणून पाळतात. आपणही २७ फेब्रुवारीला, कवी कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. त्यांच्या त्या दिवसाचे नाव आहे ‘एमाकेलेपॅएव’. नाव लांबलचक आहे; पण आता तुम्हांला ते सहज फोडता येईल. ‘एमा’ म्हणजे आईची. ‘केल’ म्हणजे जीभ आणि भाषाही. तिचे षष्ठीचे रूप ‘केले’, म्हणजे भाषेचा. ‘पॅएव’ म्हणजे दिवस. आईच्या भाषेचा दिवस! एका शब्दात दोन वेळा षष्ठी आली आहे आणि प्रत्यय म्हणून डोळ्यांना कोठेच दिसत नाही.

शेवटी पुन्हा आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पुस्तक कोणाचे, हे आपण सांगू शकतो. पण भाषा कोणाची? ती आपल्याला मिळाली कशी, हे सांगताना एस्टोनियन मनुष्य दोन शब्द वापरील: ‘एमाल्त लाप्सेले’, म्हणजे आईकडून मुलाकडे. तो ‘ल्त’ आणि तो ‘ले’ तुम्ही ओळखलेच असतील. या दोहोंच्या मध्ये जो ‘ल’ आहे, तेथे आज आपण उभे आहोत. भाषा आपल्याजवळ आहे. ती आपली आहे, असे म्हणावयाचे असेल, तर आपण ती नीट बोलली पाहिजे, नीट लिहिली पाहिजे आणि पुढच्या मुलाच्या हाती धडधाकट सोपविली पाहिजे.